किलोमीटरचा पगार

१८ जून २०२४ची पहाट. आगरतळ्याहून निघालेली कांचनजंगा एक्स्प्रेस कोलकात्याच्या सियालदहला पोचली ती मागचे डबे वाटेत टाकून. आदल्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास, न्यू जलपाईगुडी सोडल्यावर रंगापानीजवळ, पाठीमागून आलेली मालगाडी तिच्यावर आदळली होती. दहा जण गेले. त्यांत एक्स्प्रेसचा गार्ड होता आणि मालगाडीचा लोको पायलटही. वाचलेल्या डब्यांतले प्रवासी उतरले तेव्हा त्यांना घ्यायला राज्याचे मंत्री फलाटावर हजर होते. घरची माणसे होती, कॅमेरे होते.

तोवर गुन्हेगार ठरून गेला होता. अपघाताच्या दिवशीच रेल्वे बोर्डाने सांगून टाकले की, मालगाडीच्या ड्रायव्हरने सिग्नल मानला नाही. मेलेला माणूस उलट बोलत नाही. जखमी असिस्टंटसह त्याच्यावर गुन्हाही नोंदवला गेला, आणि पुढे गंमत अशी झाली (गंमत म्हणायची का, ते वाचकाने ठरवावे) की, ज्या प्रवासी बाईंच्या नावाने तक्रार होती त्यांनी आपण तशी तक्रार केलेलीच नाही असे सांगितले.

महिनाभराने रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा अहवाल आला तेव्हा चित्र पालटले. त्या सेक्शनमधले स्वयंचलित सिग्नल पहाटे सहाच्या आधीपासून बंद होते. अशा वेळी स्टेशन मास्तर ड्रायव्हरला लाल सिग्नल ओलांडून जाण्याचा लेखी कागद देतो. इथे दिला तो टी/ए ९१२ नावाचा फॉर्म, आणि त्यावर वेग किती ठेवायचा हे लिहिलेलेच नव्हते. त्या सकाळी त्याच मार्गावरून, तशाच कागदावर सात गाड्या गेल्या. प्रत्येक बंद सिग्नलपाशी एक मिनिट थांबायचे आणि मग रांगत पुढे जायचे, हा नियम त्यांतल्या एकाच गाडीने पाळला. ती गाडी म्हणजे कांचनजंगा. नियम पाळणारी गाडी हळू चालली आणि मागून मार खाऊन बसली. आयुक्तांनी चुकीचा कागद, अपुरे प्रशिक्षण, अनेक पातळ्यांवरची ढिलाई अशी कारणे दिली, आणि हा अपघात कधीतरी होणारच होता, अशा अर्थाचे स्पष्ट शब्द वापरले.

या सगळ्यात एक छोटी बातमी आतल्या पानावर गेली. जानेवारी २०२४ मध्ये रेल्वेने असिस्टंट लोको पायलटच्या ५,६९६ जागांची जाहिरात काढली होती. अपघातानंतर दोन दिवसांच्या आत तो आकडा १८,७९९ झाला. म्हणजे तेरा हजार माणसे कमी आहेत हे रेल्वेला आधी ठाऊक नव्हते, की ठाऊक असून हवे नव्हते? त्याआधीची मोठी भरती २०१८ची. मधली सहा वर्षे इंजिने वाढली, गाड्या वाढल्या, आणि त्या चालवणारे होते तेवढेच लोक जास्तीच्या ड्युट्या करत राहिले.

पूर्वी त्यांना ड्रायव्हर म्हणत. आता ‘लोको पायलट’ म्हणतात. गार्डचाही आता ‘ट्रेन मॅनेजर’ झाला आहे. पाटी बदलायला पैसे पडत नाहीत. पण ‘पायलट’ या शब्दामुळे मला विमानाच्या कॉकपिटकडे पाहावेसे वाटते, कारण दोघांची दुखणी आतून एकच आहेत. एप्रिल २०२४ मध्ये विस्तारा या विमान कंपनीची विमाने धडाधड रद्द झाली तेव्हा मूळ भांडण पगाराच्या रचनेचे होते. महिन्याला ७० तासांच्या उड्डाणाचा हमखास पगार मिळायचा, तो नव्या करारात ४० तासांवर आला. त्यापुढचे पैसे उडाल तेवढे. आणि माणसे आजारी पडू लागली. विमानाचा पायलट तासावर, रेल्वेचा पायलट किलोमीटरवर. चाक फिरले तर पैसे, थांबले तर नाहीत. मग ते कोणामुळे का थांबेना.

ही किलोमीटरची भानगड समजून घेतल्याशिवाय सियालदहच्या लॉबीत ड्युटीची वाट पाहत बसलेल्या ड्रायव्हरची तक्रार कळत नाही, म्हणून थोडे थांबून हिशेब पाहू.

रेल्वेत ‘रनिंग स्टाफ’ म्हणजे गाडीसोबत धावणारे: लोको पायलट, असिस्टंट, गार्ड. यांना मूळ वेतन मिळते, महागाई भत्ता मिळतो, आणि त्याखेरीज दर शंभर किलोमीटरमागे एक भत्ता. बोलीभाषेत ‘मायलेज’. बाकी सरकारी नोकर दौऱ्यावर गेला तर त्याला दैनिक भत्ता मिळतो. याला तो नाही, कारण याची नोकरीच दौरा आहे. मायलेजचा दर कसा काढायचा याचे सूत्र १९८०च्या समितीने घालून दिले. मूळ वेतनाचे ३० टक्के घ्या, त्यात वीस दिवसांचा प्रवासभत्ता मिळवा, आणि ड्रायव्हर देशभरात सरासरी किती किलोमीटर चालवतात त्याने भागा.

म्हणजे मायलेज हा निव्वळ भत्ता नव्हे; त्याच्या पोटात पगाराचा तुकडा लपवलेला आहे. मेल-एक्स्प्रेसच्या ड्रायव्हरचे मूळ वेतन ३५,४०० धरले तर त्याचे ३० टक्के म्हणजे १०,६२० रुपये हे ‘पगार’ म्हणून मोजले जातात. घरभाडे भत्ता वगैरे त्यावर चढतो. निवृत्तीच्या वेळी हा तुकडा ५५ टक्के धरतात, म्हणजे त्याच वेतनावर १९,४७० रुपये अधिक, आणि पेन्शनचा हिशेब ५४,८७० वर. जुन्या ड्रायव्हरांच्या पेन्शनचा इतर खात्यांतल्या लोकांना जो हेवा वाटतो त्याचे मूळ इथे आहे. मात्र १ जानेवारी २००४ पासून लागलेला माणूस नव्या पेन्शन योजनेत गेला. तिथे शेवटच्या पगारावर पेन्शन ठरतच नाही. त्यामुळे त्या ५५ टक्क्यांची जादू पेन्शनपुरती तरी संपली.

आता ताजे भांडण. जानेवारी २०२४ पासून केंद्र सरकारचा महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला. तसे झाले की नियमाप्रमाणे प्रवासभत्त्यासारखे काही भत्ते २५ टक्क्यांनी वाढतात. ते वाढले. आता सूत्रात प्रवासभत्ता बसलेला आहे, मग मायलेजही वाढायला हवे की नको? ऑल इंडिया लोको रनिंग स्टाफ असोसिएशनचे म्हणणे इतके साधे आहे. सूत्र तुमचे, समिती तुमची, बेरीज तेवढी करा. त्याला जोडून दुसरी मागणी प्राप्तिकराची. या भत्त्यातला ७० टक्के भाग करमुक्त असे, पण महिन्याला १०,००० रुपयांच्या वर नाही, आणि ही मर्यादा तेव्हा कैक वर्षे हललेली नव्हती. मायलेज वाढत गेले तसे त्यातले जास्त जास्त पैसे कराच्या जाळ्यात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभरचे लोको पायलट ३६ तास उपाशी बसले ते यासाठी आणि विश्रांतीसाठी. पुष्कळांनी उपाशीपोटी गाडी चालवली, कारण उपोषण करत असले तरी ड्युटी सोडलेली नव्हती.

किलोमीटरच्या या हिशेबात आणखी एक खोच आहे. राजधानी चालवणारा माणूस पाच-सहा तासांत पाचशे किलोमीटर कापतो. मालगाडीवाला लूप लाइनवर उभा राहून पुढून मेल जाऊ देतो, मग एक्स्प्रेस जाऊ देतो, मग आणखी एक. दहा तास होतात आणि अंतर भरते ऐंशी-नव्वद किलोमीटर. अशांसाठी किमान किलोमीटर धरण्याचे नियम आहेत, पण ते किमानच. ज्याला जागरण जास्त, त्याचे किलोमीटर कमी. सियालदहच्या लोकलवाल्याचे तिसरेच. बोंगाव, कॅनिंग, राणाघाट, लक्ष्मीकांतपूर, डायमंड हार्बर: दर दोन-तीन किलोमीटरवर स्टेशन, दर स्टेशनला दरवाज्यात लटकलेली माणसे, आणि रुळांवरून बिनदिक्कत चालणारी आणखी माणसे. शंभर किलोमीटर व्हायला त्याला तीस-चाळीस वेळा ब्रेक लावावा लागतो.

बंगाली माणूस या स्टेशनला ‘शियालदा’ म्हणतो. १८६९ची इमारत, तेव्हा इथून गाड्या थेट पूर्व बंगालात जात. फाळणीनंतर याच फलाटांवर निर्वासितांची बिऱ्हाडे पडली. आज मेन, नॉर्थ आणि साउथ अशा तीन अंगांनी पसरलेले हे स्टेशन सकाळी आठ ते अकरा ज्या तऱ्हेने माणसे ओकते ते पाहून ठाणे-डोंबिवलीच्या माणसालाही आपण फार सोसतो हा अभिमान आवरता घ्यावा लागतो. इथल्या लोकल साठच्या दशकापासून २५,००० व्होल्टच्या एसी विजेवर धावू लागल्या. मुंबईला त्यासाठी एकविसावे शतक उजाडावे लागले.

लोकलच्या केबिनमध्ये मोटरमन एकटा असतो. एका हाताखाली ‘डेड मॅन हँडल’: ते दाबून धरायचे. हात सुटला की गाडीला वाटते हा माणूस मेला, आणि ब्रेक लागतात. लांब पल्ल्याच्या इंजिनांत त्याच कामाचे दुसरे यंत्र आहे. साधारण मिनिटभर ड्रायव्हरने काहीच हालचाल केली नाही, हॉर्न नाही, थ्रॉटल नाही, तर दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही काही झाले नाही तर गाडी थांबते. तिथे शेजारी असिस्टंट तरी असतो. प्रत्येक सिग्नल दोघांनी हात उचलून मोठ्याने पुकारायचा: हिरवा, डबल पिवळा, पिवळा. रात्री तीन वाजता झोपेशी झगडणारी दोन माणसे एकमेकांना रंग ओरडून सांगत असतात. एक रंग चुकला आणि लाल ओलांडला, तर अपघात होवो न होवो, नोकरी जाऊ शकते.

मग लघवीला कधी जायचे? हा प्रश्न मी मुद्दाम असा उघडा विचारतो, कारण कागदोपत्री तो ‘नैसर्गिक विधी’ वगैरे होऊन अदृश्य होतो. रेल्वेने अलीकडे दिलेला आकडा ८८३ इंजिनांत मूत्रालयाचा आहे. देशात इंजिने पंधरा हजारांहून अधिक. २०२५च्या एप्रिलमध्ये एका उच्चस्तरीय समितीचा हवाला देऊन बोर्डाने कळवले की, जेवण आणि लघवी यांसाठी ठरावीक सुट्टी कायद्याने घालून देणे शक्य नाही. बायकाही या नोकरीत आता हजारोंनी आहेत. त्या ड्युटीआधी पाणी पीत नाहीत, असे त्या सांगत आल्या आहेत. जूनमध्ये, बंगालच्या उकाड्यात.

साताऱ्याच्या सुरेखा यादव या नोकरीतल्या पहिल्या. त्यांच्या प्रवासाचे टप्पे मांडले तर या व्यवसायाची शिडी दिसते. १९८९च्या सुमारास असिस्टंट. नव्वदीच्या उत्तरार्धात मालगाडी. २००० मध्ये लोकल. तेव्हाच्या रेल्वेमंत्री ममता बॅनर्जी यांनी सुरू केलेल्या लेडीज स्पेशलवर त्या होत्या. ८ मार्च २०११ रोजी डेक्कन क्वीन. मार्च २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत. सप्टेंबर २०२५ अखेर निवृत्त. टाळ्या पडल्या त्या प्रत्येक टप्प्यावर पडल्या, आणि रास्तच पडल्या. पण पगाराच्या तक्त्यात पाहा. असिस्टंट लोको पायलट सुरू होतो लेव्हल दोनवर, १९,९०० रुपये मूळ वेतनाने. काही वर्षांनी तो मालगाडीचा लोको पायलट झाला की लेव्हल सहा, ३५,४००. त्यापुढे पॅसेंजरचा लोको पायलट: लेव्हल सहा. मेल-एक्स्प्रेसचा: लेव्हल सहा. वरच्या पायरीला थोडा अतिरिक्त भत्ता आहे, बस्स. गाडीचा वेग वाढतो, मागे बसलेली माणसे वाढतात, जबाबदारी चढत जाते. वेतनाची पातळी जागची हलत नाही. पदोन्नतीचे पेढे वाटावेत आणि पुढच्या महिन्यात पगारपत्रक पाहून गप्प बसावे, असा हा प्रकार आहे.

आणि ही शिडीसुद्धा डोळ्यांच्या भरवशावर उभी आहे. ड्रायव्हरला सर्वांत वरच्या श्रेणीची दृष्टी लागते. पंचेचाळिशीपर्यंत दर चार वर्षांनी तपासणी, मग दर दोन वर्षांनी, पंचावन्ननंतर दरवर्षी. रंग ओळखण्यात गडबड झाली की ‘डीकॅटेगराइज’: गाडीवरून खाली, कुठल्या तरी टेबलावर. मूळ वेतनात ३० टक्के मिळवून देतात, तेव्हा अगदी रस्त्यावर येत नाही माणूस. पण मायलेज संपले. महिन्याच्या हाती येणाऱ्या रकमेतला मोठा लचका एका सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरच्या खोलीत तुटतो.

माझ्या मते पगाराच्या या भांडणात खरे मोल वेळेचे आहे; रुपये हा तो मोजायचा एक मार्ग, तोही वाकडा. इतिहास याला साक्षी आहे. १९७० मध्ये लोको कामगारांची ही संघटना उभी राहिली ती वाफेच्या इंजिनांच्या काळात, चौदा-सोळा तासांच्या ड्युट्यांविरुद्ध. ऑगस्ट १९७३च्या संपानंतर सरकारने दहा तासांची मर्यादा मान्य केली. पुढच्या वर्षी मे महिन्यात, ८ ते २७ तारखेपर्यंत, देशातला सर्वांत मोठा रेल्वे संप झाला. पुढारी होते मुंबईचे जॉर्ज फर्नांडिस. त्यांना २ मे रोजीच लखनौत पकडले होते. संप मोडला. वेतनवाढीची, बोनसची चर्चा पुस्तकांत आली, पण संपाचा कणा होते ते लोको शेडमधले लोक, आणि त्यांचे मूळ दुखणे झोपेचे होते. पन्नास वर्षांनी आजही नियम साइन-ऑनपासून साइन-ऑफपर्यंत अकरा तासांचा आहे, आणि अकरा हे दहापेक्षा जास्त असतात.

विश्रांतीचा वाद असाच आकड्यांत अडकला आहे. घरी परतल्यावर १६ तासांची विश्रांती, हा एक नियम. महिन्यातून चार वेळा ३० तासांची किंवा पाच वेळा २२ तासांची नियतकालिक विश्रांती, हा दुसरा. ड्रायव्हर म्हणतात, दोन्ही वेगळे आहेत, म्हणजे आठवड्याची सुट्टी १६ अधिक ३०, एकूण ४६ तासांची. रेल्वे म्हणते, ते १६ त्या ३० मध्येच आले. जून २०२४ मध्ये केरळमधल्या लोको पायलटांनी ४६ तास स्वतःच घ्यायला सुरुवात केली आणि त्यांच्यावर कारवाई झाली. रंगापानीचा अपघात झाला तो त्याच महिन्यात. संघटनांनी मृत ड्रायव्हरच्या लागोपाठच्या रात्रपाळ्यांचा मुद्दा काढला. विश्रांती पुरेशी झाली होती, असे रेल्वेने उत्तर दिले.

विमानाच्या पायलटांना मात्र जुलै २०२५ पासून आठवड्याला ४८ तासांची विश्रांती मिळू लागली. नोव्हेंबरपासून रात्रीच्या लँडिंगवरही मर्यादा आली. इंडिगोने त्यासाठी पुरेशी माणसे नेमली नव्हती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका दिवशी हजारावर उड्डाणे रद्द झाली आणि सरकारने नियमच तात्पुरता सैल केला. विमान रद्द झाले की बातम्या चालतात, कारण विमानतळावर अडकलेल्यांच्या हातात माइक लवकर येतो. थकव्याचा आणि पगाराचा धडा अमेरिकेने एका छोट्या विमानवाल्याकडून शिकला. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोलगन एअरचे प्रादेशिक विमान कोसळले, पन्नास जण गेले. सहवैमानिक तरुणी सिॲटलला राहत होती. ड्युटीसाठी रात्रभर मालवाहू विमानांतून प्रवास करत नेवार्कला आली होती. प्रादेशिक वैमानिकांचे तुटपुंजे पगार तेव्हा पहिल्यांदा चौकशीच्या टेबलावर आले, नंतर कायदा बदलला. आपल्याकडे रंगापानीनंतर भरतीचा आकडा बदलला. पगाराचे सूत्र त्या टेबलावर आलेच नाही.

मुंबईकरांना पगाराच्या अशा भांडणाची एक आठवण आहे. ३ आणि ४ मे २०१० रोजी मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या मोटरमननी सहाव्या वेतन आयोगातल्या वेतनावरून उपोषण केले. लोकल बंद पडल्या, लोक बसच्या टपावर चढले, राज्याने अत्यावश्यक सेवेचा कायदा लावून मोटरमनना अटक केली. लोकांची सहानुभूती तासाभरात आटली. आटणारच, घरी पोचायचे होते. दोन दिवसांत सगळे संपले. रेल्वेमंत्री ममता बॅनर्जीच होत्या, म्हणजे मुंबईच्या मोटरमनचे गाऱ्हाणे तेव्हाही कोलकात्याकडेच जायचे होते. आता आठवा वेतन आयोग बसला आहे. त्याच्या अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई मुंबई उच्च न्यायालयात होत्या. कोलकात्याच्या मोटरमनचे कागद यावेळी एका मुंबईकरणीपुढे जातील. ते मांडणार कोण हा प्रश्न राहतोच, कारण डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वेत मान्यताप्राप्त युनियनसाठी गुप्त मतदान झाले, आणि वाटाघाटीची खुर्ची मोठ्या सर्वसाधारण युनियनांना मिळते. निव्वळ ड्रायव्हरांची संघटना बाहेर उभी राहून निवेदन देते.

रंगापानीच्या अपघाताआधी आठवडाभर सियालदहच्या पहिल्या पाच फलाटांचे काम झाले. नऊ डब्यांच्या लोकलऐवजी तिथे बारा डब्यांची उभी राहावी म्हणून फलाट लांबवले. प्रवाशांची सोय झाली, यात शंका नाही. शेवटच्या स्टेशनात आलेली लोकल उलटी फिरते तेव्हा पुढचे टोक मागचे होते. मोटरमनला तीच गाडी परत न्यायची असेल, तर तो हँडल काढतो, बॅग उचलतो आणि गर्दीच्या उलट दिशेने फलाटभर चालत दुसऱ्या केबिनकडे जातो. समोरून गार्ड येत असतो. वाटेत नळ असला तर बाटली भरून घ्यायची, मुतारी जवळ असली आणि गाडी उशिरा आलेली नसली तर तेही उरकायचे. बारा डब्यांचे अंतर म्हणजे सुमारे पाव किलोमीटर. मायलेजमध्ये ते धरत नाहीत.